दोन मजले खाली

आधीच सांगते, काकांना संत ठरवायला मी हे लिहीत नाही. संत म्हटलं की माणसाचं ऐकणं बंद करून त्याच्या पाया पडायची सोय होते. काका हट्टी होते. सरावाला कोणी उशिरा आलं तर ते ओरडायचे नाहीत, फक्त त्याच्या वाटणीचा वडापाव खाऊन टाकायचे आणि रिकाम्या कागदाची नीट घडी करून त्याच्या हातात ठेवायचे.

ते माझे सख्खे काका नव्हेत. नवीन पनवेलमधल्या आमच्या लहानशा चर्चच्या बँडचे ते गिटारवाले आणि प्रमुख. पोटासाठी ते लिफ्ट दुरुस्त करायचे. मी त्याच बँडमध्ये बास गिटार वाजवायचे आणि उरलेल्या वेळात आंदोलनं करायचे. खाणीची धूळ, टँकरचं पाणी, फूटपाथ गिळणारी दुकानं. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा नाही असा दिवस नसायचा. म्हणून काका मला 'पुढारी' म्हणत. "काय पुढारी, आज कुणाचा निषेध?" हे त्यांचं नमस्काराच्या जागचं वाक्य.

चर्चमध्ये त्यांना सगळे ओळखायचे ते त्यांच्या उशिराच्या आमेनमुळे. प्रार्थना संपली की सगळी मंडळी एकदम आमेन म्हणते, लगेच खुर्च्या वाजतात, पोरं चुळबुळायला लागतात. काका त्या वेळी गप्प असत. तीन-चार श्वास जात, आणि मग, गिटार ठेवून ते जिथे जाऊन बसत त्या शेवटच्या रांगेतून त्यांचं एकट्याचं आमेन येई. सेक्रेटरीसाहेबांना हे अजिबात खपत नसे. सेक्रेटरीसाहेब म्हणजे आमच्या पंचांचे, चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे, सेक्रेटरी, रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळेच्या बाबतीत अजूनही ड्युटीवर असल्यासारखे. एकदा त्यांनी काकांना विचारलंच, "तुम्ही सगळ्यांबरोबर का नाही म्हणत हो?"

"मागितलेलं काय होतं ते आधी ऐकून घेतो," काका म्हणाले. "न वाचता सही करायची सवय नाही मला."

लिफ्टचं तर वेगळंच. ते स्वतः कधी लिफ्टने जात नसत. दहाव्या मजल्यावरची तक्रार असली तरी जिन्याने. मला वाटायचं, आत काय काय असतं ते ठाऊक असल्यामुळे भीती वाटत असेल. इम्रान म्हणाला, तसं नाही. इम्रान आमचा ड्रमर आणि कामावरचा त्यांचा वायरमन, जुन्या पनवेलमधल्या कोकणी मुसलमान घरातला. "काका को बाहेरून ऐकायचं असतं," तो म्हणाला. "आत बसलं तर आपलाच आवाज ऐकू येतो, मशीनचा नाय, असं बोलतात ते." प्रत्येक इमारतीच्या लिफ्टचा सूर काकांना पाठ होता. बाजारात कुणी भेटलं आणि सोसायटीचं नाव सांगितलं की हे आधी तिथला सूर गुणगुणायचे, मग माणसाची चौकशी करायचे. गिटारच्या तारांनाही त्यांच्याकडे मजले होते. तार चढवायची तर "एक मजला वर घे", उतरवायची तर "खाली आण". आम्ही सगळे तसंच बोलायला लागलो होतो.

आणि हे सगळं करणारा माणूस राहायचा कुठे, तर लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आमच्याकडच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नाहीतच. म्हातारं होणं, आजारी पडणं या गोष्टी आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात आल्या नसाव्यात. यावर मी पत्रक काढलं होतं. तो विषय निराळा, पण राग अजून ताजा आहे.

त्या तिसऱ्या मजल्यावर काकू होत्या. काकू आमच्या बँडच्या गायिका. मी शाळेत असताना हा बँड आनंदी होता, इतका आनंदी की दात दुखायचे. टाळ्या, कीबोर्ड, शेवटच्या कडव्याला सगळं एक मजला वर चढवायचं. काकांनी बांधलेलं एक गाणं आसपासच्या सगळ्या चर्चमध्ये पोचलं होतं. चारच ओळी:

दार उघड, सकाळ झाली,
बघ, मी अजून इथेच आहे,
रात्रभर मी हलले नाही,
दार उघड, मी आत येते.

काकू ते असं म्हणायच्या की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. नंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणंही गेलं. काकांनी गिटार खोक्यात घातली ती वर्षभर काढली नाही.

वर्षानंतर ते सरावाला आले आणि गिटार दोन मजले खाली उतरवली. खर्ज म्हणावा इतकी खाली. मग एक पेडल पायाखाली ठेवलं, दाबलं, आणि गिटारमधून करवतीसारखा आवाज निघाला. माझ्या बासच्या तारा दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारख्या लोंबायला लागल्या. त्यांनी तेच जुनं गाणं वाजवायला घेतलं, पण इतकं हळू की इम्रान काठ्या खाली ठेवून म्हणाला, "काका, ये गाना है या लिफ्ट अटकी है?"

"अटकलेलीच आहे," काका म्हणाले. "आत माणूस आहे. धक्का न देता खाली आणायची. वाजव."

मी मात्र खूश. मला वाटलं, आता झाला विद्रोह. मी त्यांना ग्रंजबद्दल भाषण दिलं. अमेरिकेतल्या पावसाळी शहरातली, चौकड्यांचे शर्ट घातलेली पोरं, चकचकीत संगीतावर चिडलेली, उतरवलेल्या गिटारी, घोगरे आवाज. फोनवर चार गाणी ऐकवली. काकांनी डोळे मिटून चारही ऐकली आणि म्हणाले, "गुणी पोरं आहेत. यांना वेळेवर कुणीतरी जेवायला वाढायला हवं होतं."

खरं कारण ग्रंज नव्हतंच. ते मला मंगलताईकडून कळलं. मंगलताई जवळच्या गावातल्या, दिवसभर काकूंपाशी असायच्या. मी एका दुपारी खिमटीसाठी तांदूळ घेऊन वर गेले होते. त्या म्हणाल्या, "तुमाला नाय सांगितला का त्यांनी? काका बाहेर वाजवत बसतात ना, तवा ही आत गुणगुणते. बोलाया येत नाय, पन गान्यात शब्द येतात हो तिचे. एखादाच येतो. पन येतो."

डॉक्टरांनीही सांगितलं होतं की असं होतं, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते. फक्त काकूंचा आवाज आता जुन्या पट्टीत पोचत नव्हता. तो खाली, खरखरीत, अडखळत यायचा. काकांनी गिटार उतरवली ती त्या आवाजापर्यंत. पेडलबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "साफ गिटारशेजारी तिचा आवाज मोडका वाटतो. मी माझी गिटार आधी मोडून ठेवतो. मग तिचा त्यात बसतो."

त्यांना एकच हवं होतं. काकूंनी चर्चमध्ये, त्याच माईकवर, त्याच लोकांसमोर ते गाणं म्हणावं. दुसरीकडे कुठे नाही. "ती त्यांची गायिका आहे," ते म्हणायचे, "माझी एकट्याची नाही."

पण पंचांना तो आवाज नको होता. दोन रविवार आम्ही दोन मजले खाली वाजवलं, तिसऱ्या रविवारी निरोप आला. सेक्रेटरीसाहेब स्वतः आले. "लोक आठवडाभर रडून इथं येतात. इथं तरी आनंद नको का? जुन्यासारखं वाजवत असाल तर जागा तुमचीच आहे. हे असलं उपासनेत नको."

काका फक्त "बरं" म्हणाले आणि तारा पुसत बसले. मी नाही बसले.

आमच्याकडे दर रविवारी साक्षीची वेळ असते. कुणीही उठावं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. चांगली पद्धत आहे, माझा तिला विरोध नाही. पण नीट बघाल तर प्रत्येक साक्षीचा साचा एकच. आजार होता, प्रार्थना केली, बरं वाटलं. नोकरी नव्हती, प्रार्थना केली, मिळाली. ज्यांना बरं वाटलं नाही, ज्यांना मिळाली नाही, ते उठतच नाहीत. कुणी त्यांना मनाई केलेली नाही. ते आपसूक मागच्या रांगेत जातात आणि मग हळूहळू फाटकाबाहेर. काका काकूंच्या झटक्यानंतर एकदाही साक्षीला उठले नव्हते. काय सांगणार? सगळी मंडळी दर आठवड्याला त्यांच्या तोंडाकडे बघायची, शेवट तयार झाला का म्हणून.

या संतापात मी पत्रक लिहिलं. मथळा: 'रडायला परवानगी हवी!' दोनशे प्रती छापल्या आणि रविवारी फाटकात उभी राहून वाटल्या. त्यातल्या बहुतेक ओळी मी आजही तशाच छापेन. पण शेवटाकडे मी एक वाक्य टाकलं होतं: 'ज्यांना दुःख कधी शिवलेलं नाही, अशा पंचांनी इतरांच्या दुःखावर बंदी घातली आहे.' मला ते फार आवडलं होतं. टोकदार होतं.

त्याच संध्याकाळी पंचांनी बँडला वाजवायला पूर्ण बंदी केली. जुनं नाही, नवं नाही, काहीच नाही.

मी काकांच्या घरी गेले ते लढाईच्या तयारीने. पुढचं पत्रक डोक्यात तयार होतं. काकूंना खिडकीशी बसवलं होतं. काकांच्या हातात माझं पत्रक होतं.

"लिहितेस चांगलं," ते म्हणाले. "हे एक वाक्य कुठून आणलंस?"

"कुठलं?"

"दुःख न शिवलेले पंच. विचारलंस कुणाला?"

"त्यात विचारायचं काय? वागण्यावरून दिसतं."

"लिफ्ट बंद पडली की लोक मलाही असंच सांगतात. मोटार गेलीय, दिसतंच आहे. मी वर जाऊन बघतो तर दारात बूट अडकलेला असतो." त्यांनी पत्रकाची घडी केली, अगदी वडापावच्या कागदासारखी. "परत आण."

"काय?"

"सगळी. दोनशे. घरोघरी जाऊन मागून आण."

मी म्हटलं, "काका, पत्रक परत मागत नसतात. चळवळीत असं कुणी करत नाही. माफीनामा हवा तर तसं सांगा, मी तोही देणार नाही."

"माफी मागू नको. कागद माग. हिला त्या लोकांसमोर गायचंय. त्यांना तू दुखवून ठेवलंस तर ही कुणासमोर गाणार? खुर्च्यांसमोर?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा डावा हात खिडकीच्या गजावर ताल धरून होता, हळू, त्या नव्या हळू चालीतला. मी पिशवी उचलली.

रोज कामावरून सुटल्यावर काका मला, ज्या इमारतीतली पत्रकं मागायची तिच्या खाली भेटायचे. वर माझ्याबरोबर यायचे नाहीत. लिफ्ट असली तर तिच्या दाराला कान लावून उभे, नसली तर पायरीवर बसून. मला लिफ्टने जायला बंदी होती. "लिफ्टने गेलीस तर वर पोचेपर्यंत भाषण तयार होईल. जिन्याने जा. दम लागलेला माणूस कमी बोलतो."

आणि खरोखरच, चौथ्या मजल्यावर दार उघडल्यावर माझ्या तोंडून एवढंच निघायचं: "ते पत्रक... परत हवंय. एक वाक्य चुकलंय."

लोक आत बोलवायचे. पाणी द्यायचे. "कुठलं वाक्य?" विचारायचे. मी सांगायचे. आणि मग, मी न विचारता, काहीतरी यायचं. पहिल्याच दिवशी एका बाईंनी सांगितलं की लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही, आणि चर्चमध्ये पुढे बोलवून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते त्याची आता भीती वाटते. "प्रत्येक वेळी सगळे माझ्या पोटाकडे बघतात गं." एका आजोबांनी सांगितलं की त्यांना चार वर्षांपासून प्रार्थना करताना पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही, पण ते रोज सकाळी पाच वाजता उठून करतात, सवय मोडायची नाही म्हणून. एका माणसाने सरळ कपाटातून पत्रक काढून दिलं, आणि मी जिना उतरायला लागल्यावर तो वरून म्हणाला, "काकूंना सांगा, आम्ही वाट बघतोय."

मी आजवर हजारो कागद वाटले. वाटताना माणूस पुढे सरकत असतो, पुढचा हात, पुढचा हात. परत मागताना दारात थांबावं लागतं. एवढं साधं मला कुणी शिकवलं नव्हतं.

खाली आल्यावर काका विचारायचे, "किती?"

"आज अकरा."

"आणि?"

मग मी त्यांना ऐकलेलं सांगायचे. ते मान हलवायचे, आणि पुढच्या इमारतीकडे चालताना बऱ्याच वेळाने, आम्ही दुसऱ्याच विषयावर बोलत असताना, हळूच आमेन म्हणायचे.

सेक्रेटरीसाहेबांचं घर मी शेवटी ठेवलं होतं. घाबरले होते, कबूल करते. दार त्यांनीच उघडलं. मी पत्रक परत मागितलं. ते आत गेले आणि गाण्यांचं पुस्तक घेऊन आले. पत्रक त्यात घडी घालून ठेवलेलं. ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

"बस," ते म्हणाले. मी बसले. "माझा मुलगा कुवेतला आहे हे तुला माहीत असेल."

माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. मोठ्या पगारावर आहे असं ते सांगायचे.

"सहा वर्षं तो माझा फोन उचलत नाही. चूक माझी होती. काय ते विचारू नको." त्यांनी त्याच पुस्तकातून दुसरा एक कागद काढला, जुना, घड्यांवर झिजलेला. "ही माझी साक्ष. सहा वर्षं लिहून तयार आहे. शेवटची ओळ तेवढी रिकामी ठेवली आहे. त्याचा फोन आला की भरायची आणि उभं राहायचं." ते कागदाकडेच बघत होते. "तुमचं ते गाणं सुरू झालं ना, की मला शेवटच्या ओळीशिवायच उभं राहावंसं वाटायला लागतं. सेक्रेटरीने असं उभं राहून कसं चालेल?"

मला माझ्या वाक्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि तरीही मी म्हटलं, कारण मी मीच आहे, "साहेब, तुम्हीच उभं राहायला हवं."

ते रागावले नाहीत. पत्रक माझ्या हातात दिलं. दारात म्हणाले, "उत्तम शुक्रवारी वाजवा. वधस्तंभाचा दिवस. त्या दिवशी रडण्यावर हरकत घ्यायला पंचांकडे कारण नाही." आणि मी दोन पायऱ्या उतरल्यावर, "तुमचा तो ड्रमर. त्याची शुक्रवारची नमाज किती वाजता सुटते?"

दोनशेपैकी एकशे एकोणचाळीस परत आली. काकांनी गठ्ठा काकूंच्या मांडीवर ठेवला. पुढे त्याच्या कोऱ्या बाजूंवर ते गाण्यांचे सूर लिहायला लागले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमची उपासना बारा ते तीन असते. आमचं गाणं पत्रिकेत अगदी शेवटी होतं, नमाज उरकून इम्रान पोचावा म्हणून. काकूंना आधी खाली आणायचं होतं. मी, काका, मंगलताई आणि बँडचा कीबोर्डवाला असे चौघे पुरतील असा आमचा हिशेब. अकराला मी खाली पोचले तर जिन्याशी माणसं उभी होती. ते 'वाट बघतोय' म्हणणारे होते. अकरा वर्षंवाल्या बाई आणि त्यांचा नवरा होता. पाच वाजता उठणारे आजोबाही होते, त्यांना आम्ही काही उचलू दिलं नाही, म्हणून ते पुढे चालत "सांभाळून, वळण आहे" म्हणत राहिले. प्लास्टिकच्या खुर्चीत काकू, अंगावर ठेवणीतली जांभळी साडी. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा खुर्चीचा मागचा पाय धरणारा हात बदलला. बदललेला हात सेक्रेटरीसाहेबांचा होता. ते वर कधी आले मी पाहिलं नव्हतं.

"साहेब, उपासनेला उशीर होईल," मी म्हटलं.

"होऊ दे," ते म्हणाले. "नीट धर तू."

अडीच वाजता इम्रान धावत आला, डोक्यावर टोपी तशीच. ती खिशात घातली, ड्रमवर टॉवेल पसरला, आवाज दबावा म्हणून, आणि बसला. माईक खुर्चीच्या उंचीला उतरवला. काकांनी पेडल दाबलं.

गिटारची पहिली फेरी झाली. काकूंनी तोंड उघडलं, काही आलं नाही. काकांनी फेरी पुन्हा वाजवली. पुन्हा. चौथ्यांदा वाजवताना मला वाटलं, आता कुणीतरी खाकरेल, कुणीतरी घड्याळ बघेल. कुणी हललं नाही. पाचव्या फेरीला खालून, अगदी त्या खरखरीच्या आतून आलं, "दार." मग पूर्ण एक फेरी काही नाही. मग "उघड."

इम्रान प्रत्येक ठोक्याला काकूंची वाट बघत होता. मी इतक्या हळू बास आयुष्यात वाजवली नव्हती. लहानपणापासून मी ते गाणं टाळ्या वाजवत ऐकलं होतं आणि मला कधी कळलं नव्हतं की ते म्हणणारा माणूस दाराबाहेर उभा आहे. रात्रभर. 'बघ, मी अजून इथेच आहे' या ओळीला काकूंना सहा फेऱ्या लागल्या. तिसऱ्या ओळीच्या 'रात्रभर' पाशी त्या अडकल्या, दोनदा प्रयत्न केला, आणि हसल्या. डावा हात वर करून त्यांनी खूण केली, पुरे. काकांनी पेडलवरून पाय काढला.

टाळ्या नाहीत. उत्तम शुक्रवारी वाजवत नाहीत. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली, मंडळीने आमेन म्हटलं, आणि या वेळी खुर्च्या वाजल्या नाहीत. सगळे थांबले. तीन-चार श्वासांनी काकांचं आमेन आलं. त्यानंतर डावीकडून एक आलं, बाईचा आवाज. मागून एक. मग पंचांच्या रांगेतून एक, कोरडं, रेल्वेच्या सूचनेसारखं. आणि सगळ्यांत शेवटी खुर्चीतून एक आलं, खालच्या पट्टीतलं, निम्मंच, पण कुणालाही कळेल असं.

याला चमत्कार म्हणू नका. म्हणणारे त्याच दिवशी भेटले, त्यांच्याशी मी भांडले. दुसऱ्या दिवशी काकूंना पाणी हवं होतं तर त्यांनी तांब्याकडे बोटच दाखवलं.

पण काही गोष्टी बदलल्या, त्या मी नोंदवून ठेवते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे आता न संपलेल्या साक्षी होतात. पहिली सेक्रेटरीसाहेबांनी दिली. कागद वाचला, शेवटच्या ओळीपाशी आले, "पुढचं अजून झालेलं नाही," म्हणाले आणि खाली बसले. कुवेतहून फोन आलेला नाही. ते दर महिन्याला उभे राहतात, झालंय तेवढं सांगतात. मागच्या रांगा पुढे सरकल्या आहेत. त्या दिवशी आम्ही वाजवतो, पेडलसकट. खारघर, उरणहून पोरं ऐकायला येतात, त्यातल्या निम्म्यांना देवाचं काही देणंघेणं नाही. काका त्यांना हाकलत नाहीत, भाषण देत नाहीत, वडापाव देतात.

मी अजून पत्रकं काढते. चिडूनच काढते. फक्त एखादं वाक्य फार आवडलं की आधी जिना चढून विचारून येते.

काका-काकू आता आपट्याला राहतात, पाताळगंगेच्या काठी, एका मजल्याच्या घरात. काकांनी आयुष्यभराच्या लिफ्ट सोडल्या त्या एक पायरीसुद्धा नसलेल्या दारासाठी. आम्ही शनिवारी तिथे सरावाला जातो. मंगलताई आम्हाला अंगणातच अडवतात, "आता नको, ती म्हनते हाय," आणि आम्ही बाहेर उभे राहून ऐकतो. तिसरी ओळ पूर्ण आली आहे. चौथी राहिली आहे.

गेल्या शनिवारी मी बास काढली आणि नेहमीसारखी उतरवायला लागले.

"दोन नको," काका म्हणाले. "दीड मजला. ती वर यायला लागलीय."